ताब्याची तारीख

निघताना उल्हासनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातच मला रडू फुटलं. बाबा जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. ते एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर. नाही लागला, तर परत कर." भूगोलात पीएचडी करायला मी इंग्लंडला चालले होते.

माझे प्रोफेसर जगभर वाचले जाणारे मार्क्सवादी. तरुणपणी ते सरकारी सर्व्हेअर होते. त्यांनीच काढलेल्या नकाशावरून एक वस्ती उठवली गेली. ते बघून त्यांनी नोकरी सोडली आणि आयुष्यभर एकच गोष्ट मांडली: भांडवल नफ्यासाठी शहर बांधतं आणि नफ्यासाठीच पाडतं. पहिल्या भेटीत त्यांनी गाव विचारलं. मी घाबरून मुंबई म्हटलं. "मुंबईत कुठे?" मग खरं सांगितलं, तर म्हणाले, "तिथूनच सुरुवात कर." मी आमच्या गल्लीवर प्रबंध लिहिला, डॉक्टर झाले, तिथेच शिकवू लागले.

यंदा आईचा फोन आला. वरचा स्लॅब शेजारच्या जसोदा आंटींच्या किचनमध्ये कोसळला होता. आंटी दारात कोथिंबीर घेत होत्या म्हणून वाचल्या.

मी पोचले तेव्हा बिल्डिंग धोकादायक असल्याची नोटीस लागली होती, आणि तरी सगळे आतच. बाहेर पडलो तर जागा गेली, ही धास्ती. बिल्डरचा माणूस करारनामा ठेवून गेला. आंटी म्हणाल्या, "बेटा, तू पढ़ी-लिखी है. साइन करें क्या?" करारात नवी घरं होती, ताबा कधी ते नव्हतं. सही करू नका म्हणावं आणि उद्या छत पडलं तर? मी प्रोफेसरांना फोन लावला. ते म्हणाले, "मी त्या बिल्डिंगमध्ये कधी राहिलो नाही. मला नाही सांगता येणार."

संध्याकाळी सगळे आमच्या घरी जमले. मी म्हटलं, "घरं आजच सोडू या. सही मात्र तारीख लिहून मिळाल्यावरच, सगळ्यांनी मिळून." कोणी हललं नाही. मग बाबा उठले आणि आमचा गॅस सिलिंडर खाली घेऊन गेले.

काही महिन्यांनी तारीख लिहून मिळाली. काम अजून सुरू नाही. आई-बाबा बदलापूरला भाड्याने राहतात. कुठेही गेलं तरी आई बसण्याआधी छताकडे बघते. इकडे इंग्लंडमध्ये मीही बघते. घर म्हणजे काय, यावर मी वर्गात तासभर बोलू शकते. पण मला आता एवढंच कळतं: वर न बघता जिथे झोप लागते, ते घर. आम्हा तिघांनाही ते अजून मिळालेलं नाही.