थंडीत जोडलेला पंख

माझी आत्या नीट बसलेली मला फारशी आठवत नाही. जेवायची ती ओट्याला टेकून, उभ्याने, आणि शेवटचा घास तोंडात असतानाच तिचे हात भांड्यांकडे वळलेले असायचे. पाहुणे आले तर खुर्चीच्या कडेवर टेकायची, पण अशी की पाहुण्यांनाच उठावंसं वाटावं. घरातलं कपाट वर्षातून किती भिंती बदलायचं ते सांगता येत नाही. आतोबा बस चालवायचे. दिवसभर एकच सीट, एकच रस्ता. ते म्हणायचे, आमच्या घरात बसायचं खातं माझ्याकडे आहे, उठायचं हिच्याकडे.

आत्याचं शिवणकामाचं वर्कशॉप होतं. कपडे नव्हे, ताडपत्र्या, ट्रकची कव्हरं, दुकानांपुढची कापडी छतं, बसच्या सीटा. पत्र्याची लांबलचक शेड, मधोमध कापड अंथरायचं टेबल आणि एका टोकाला काचेची छोटी खोली. तिला सगळे ऑफिस म्हणायचे, कारण तिथे टेलिफोन होता आणि हीटर होता.

एके दिवशी गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबचा मेकॅनिक तिच्याकडे आला. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून त्याला सगळे पानाच म्हणत. त्याच्या खांद्यावर एका छोट्या विमानाचं सुकाणू होतं, त्यावरचं कापड फाटून लोंबत होतं. नवं कापड चढवणारा त्यांचा माणूस गाव सोडून गेला होता. पानाने विचारलं, ताई, हे शिवता येईल का? आत्याने कापड बोटांत चोळून पाहिलं आणि उद्या या म्हणाली. तो यायच्या आतच काम पुरं करून ती स्वतः ते क्लबवर घेऊन गेली.

तिथे विमानं ठेवायच्या हँगरमध्ये ते विमान कापड उतरवून ठेवलं होतं. नुसता सांगाडा. लाकडाच्या पातळ पट्ट्या, कागदासारखा प्लाय, माशाच्या काट्यासारख्या एकामागे एक फासळ्या. आत्या त्याच्याभोवती फिरत राहिली.

"आत एवढंच असतं?" तिने विचारलं.

"एवढंच," पाना म्हणाला. "बाकी सगळी हवा."

त्या दिवशी आत्याच्या डोक्यात जे शिरलं ते काही केल्या निघेना. घरी बनवायच्या विमानांचे नकाशे विकत मिळतात, लोक ते गॅरेजमध्ये, गोठ्यात, जागा मिळेल तिथे बांधतात आणि रीतसर तपासून घेऊन उडवतातही, हे तिला पानाकडून कळलं. तिने एका माणसाला बसता येईल अशा विमानाचे नकाशे मागवले आणि क्लबमध्ये विमान चालवायला शिकायला नाव घातलं. आतोबांना हे तिने चहा गाळता गाळता सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की ते शेडच्या दारातून बाहेर निघेल ना? तिने माप आधीच घेतलं होतं.

मग सुरू झालं. दिवसा ताडपत्र्या, संध्याकाळी फासळ्या. एक फासळी साच्यात बसवायची, चिकटवायची, वाळू द्यायची, मग दुसरी. घरात जिथे हात घालावा तिथे फासळी. आम्ही भाचरं गेलो की आमच्याही हातात सँडपेपर यायचा. आत्याला कामाचा कंटाळा नव्हता, वाळण्याचा होता. ग्लू वाळत असताना ती शेडमध्ये येरझाऱ्या घालायची आणि नकाशात काय काय बदलता येईल ते पानाला ऐकवायची. शेपटी जरा लांब केली तर? बसायची जागा पुढे घेतली तर? पाना शांतपणे सांगायचा, ताई, ज्याने हे काढलंय त्याने आधी आकडेमोड केलीय, तुम्ही आधी हे नकाशाप्रमाणे करा. ती सँडपेपर उचलायची, पण दुसऱ्या दिवशी तेच.

पंखाच्या आतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाकडी तुळई जाते. सगळा भार तीच पेलते. लाकडाच्या लांब पट्ट्या एकावर एक चिकटवून ती बनवायची असते आणि त्या ग्लूला ऊब लागते. आत्याच्या पट्ट्या तासून तयार झाल्या तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. पाना म्हणाला, थंडी सरू द्या. आत्याने दोन दिवस कळ काढली असेल नसेल. एका दुपारी ऊन जरासं बरं वाटलं आणि तिने ग्लू कालवला. नियमाप्रमाणे त्याच ग्लूने लाकडाचे दोन छोटे तुकडे नमुना म्हणून जोडले. वाळल्यावर ते तोडून बघायचे. लाकूड तुटलं आणि जोड टिकला तर काम पक्कं. तुळई शेडमधल्या टेबलावर क्लॅम्प लावून राहिली. नमुना तिने ऑफिसात नेऊन ठेवला.

पुढे तपासनीस आला. सरकारी, अबोल माणूस. त्याने नमुना शिकंज्यात धरून तोडला, लाकूड चिरफाळलं, जोड जागचा हलला नाही. त्याने मान डोलावली. पंख पुरा झाला, त्यावर कापड चढलं. आत्याने ते इस्त्री फिरवून असं ताणलं की बोटाने टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज यावा. रंग लागेपर्यंत पावसाळा सरला. पाना म्हणाला, आता येत्या उन्हाळ्यात उडवू.

पुन्हा थंडी पडली तेव्हा एका सकाळी आत्या ऑफिसात फोनवर बोलत होती. कुणाला तरी ट्रकच्या कव्हराचं माप विचारत असताना तिने थंड पडलेला हात हीटरवर धरला. हीटरशेजारीच ती फळी होती, जिच्यावर तो नमुना वाळला होता. पलीकडच्या माणसाने माप सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग हॅलो हॅलो करून फोन ठेवून दिला. नमुना उबेत वाळला होता. तुळई गारठलेल्या शेडमध्ये.

तिने दिवसभर कुणाला काही सांगितलं नाही. काच घासली, टेबल हलवलं, शिवलेलं उसवलं. संध्याकाळी आतोबा आणि पाना दोघांनाही समोर बसवून सांगितलं. पानाने डोकं खाजवलं. तो म्हणाला, ताई, बहुतेक धरला असेल जोड. पुढे उन्हाळा गेलाच की त्याच्यावरून. तपासणी झालीय, सही झालीय. आता तो पंख फोडायचा म्हणजे सगळंच गेलं. तो वाईट सल्ला देत नव्हता. त्यानेही त्या पंखात आपल्या कितीतरी संध्याकाळी घातल्या होत्या.

आत्याने आतोबांकडे पाहिलं.

"मला विमानातलं कळत नाही," ते म्हणाले. "बस असती तर मी डेपोतून काढली नसती."

मग वाळूची परीक्षा करायचं ठरलं. हवेत पंखाला भार खालून वर लागतो, म्हणून पंख उलटा ठेवायचा आणि त्यावर वाळूच्या पिशव्या रचत जायच्या, वादळात लागेल तेवढ्या भारापर्यंत. पिशव्या आत्यानेच उरलेल्या कॅनव्हासच्या शिवल्या. सुट्टीच्या दिवशी पंख सुताराच्या लाकडी घोड्यांवर उलटा टाकला. आतोबा पिशव्या उचलून देत, पाना त्या खुणेवर ठेवी, आत्या खाली वाकून कापडावरून तुळईला कान लावी, लगेच उठे, दुसऱ्या बाजूला जाई. पंखाची टोकं हळूहळू खाली झुकत गेली. तेवढं झुकणार हे ठाऊक होतं. निम्म्याहून जास्त पिशव्या चढल्या आणि पाना म्हणाला, बघा, उगाच घाबरलो. तो पुढची पिशवी ठेवायला वाकला आणि कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पंख मधोमध खचला, पिशव्या घरंगळून फुटल्या, वाळू सगळीकडे.

पानाने कापड चिरून आत पाहिलं. तुळईच्या पट्ट्या मोडल्या नव्हत्या. एकमेकींपासून सुटल्या होत्या, भिंतीवरचा जुना रंग पापुद्र्याने निघावा तशा. लाकडावर ओरखडासुद्धा नव्हता. निवांत हवेत हे विमान उडलं असतं, आठवडे, कदाचित महिने. पानाने टोपी काढली आणि ती हातात धरून उभा राहिला. आत्या मागच्या ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसली. नीट, टेकून बसली, आणि उठेना. दोघा पुरुषांना काय करावं ते कळेना. पडलेल्या पंखापेक्षा त्यांना तिच्या बसण्याचीच भीती वाटली, असं आतोबा पुढे सांगायचे.

त्यानंतर ती ट्रकची कव्हरं शिवत राहिली. विमानाचं नाव नाही. जेवायला टेबलाशी बसायची, ताट संपेपर्यंत उठायची नाही. आतोबांना ते घर परकं वाटू लागलं. शेवटी एका रविवारी त्यांनी एकट्यानेच ते मोठं कपाट ओढत खिडकीसमोर आणून लावलं आणि घाम पुसत उभे राहिले. आत्या दारात येऊन बघत राहिली.

"तिथे नको," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

"मग कुठे?"

तिने पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली. त्याच आठवड्यात नव्या पट्ट्यांचं लाकूड आलं.

या वेळी टेबलावर तिने ताडपत्रीचा तंबू उभारला, पंखाच्या लांबीचा, आणि ऑफिसातला हीटर त्याच्या आत नेला. ऑफिसात सगळे शाली गुंडाळून बसू लागले. नमुना तुळईला चिकटूनच ठेवला, त्याच तंबूत. खरा प्रश्न आत्याचा होता. ती दर थोड्या वेळाने तंबू उचकटून बघायला जाई आणि ऊब बाहेर सोडी. तेव्हा आतोबांनी रजा काढली, तंबूच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. ती जवळ आली की बातमीवरून डोळे न उचलता म्हणायचे, अजून नाही. या पंखाने सगळ्या पिशव्या पेलल्या. शेवटची ठेवल्यावरही पाना बराच वेळ वाकून ऐकत होता.

पहिल्या उड्डाणाला क्लबच्या शिक्षकाने बसावं असं सगळ्यांचं मत होतं. आत्या म्हणाली, ग्लू मी लावलाय, बसेन मीच. शिक्षकाने तिची परीक्षा पुन्हा घेतली, मग वारा नसलेला दिवस निवडला. विमान धावपट्टीवर दोनदा उड्या मारत गेलं आणि तिसऱ्यांदा खाली आलंच नाही. डावा पंख जरा जड होता, ती विमान वळवायची काठी उजवीकडे दाबून धरून होती, हे आम्हाला नंतर कळलं. मैदानाभोवती एक फेरी मारून ती उतरली, आपटत, तिरकी, गवतात. आतोबा धावत गेले. ते धावलेले मी तेव्हाच पाहिले. ती खाली उतरली आणि आधी वाकून डाव्या पंखाच्या कडेवरून हात फिरवत, इथे पाव इंच वळवायला हवं, असं पानाला सांगू लागली. मग तिचं आतोबांकडे लक्ष गेलं. तिने त्यांचा हात धरला आणि बाकीचं पानाला हाताच्या खुणेनेच सांगितलं.

त्या विमानात ती बरीच वर्षं उडाली. लोक म्हणायचे, वर गेल्यावर तुम्हाला शांत वाटत असेल. मी एकदा तिला तसं विचारलं. ती हसली. "छे गं, वर तर जास्तच. तिथला एकेक आवाज माझ्या ओळखीचा. कुठला कुठून येतो ते शोधत बसते." मग ते विमान तिने क्लबला देऊन टाकलं आणि दोघांना बसता येईल अशाचे नकाशे मागवले. आतोबांनी कधीच वर यायचं म्हटलं नव्हतं, आणि तिने त्यांना विचारलंही नव्हतं. दुसरी सीट तेवढी त्यांच्या कमरेच्या मापाने बनवली.

आता आतोबा निवृत्त झालेत. आत्याचा उजवा हात थरथरतो, त्यामुळे त्या दुसऱ्या विमानाचं काम मागे पडतं आणि त्याचा राग ती करवतीवर काढते. डॉक्टर तिला विमान चालवायची परवानगी पुन्हा देतील की नाही, शंकाच आहे. गेल्या महिन्यात मी शेडमध्ये गेले तेव्हा मी तेच विचारणार होते. तिने माझ्या हातात तुळईच्या लांब पट्टीचं एक टोक दिलं आणि म्हणाली, घट्ट धर, हलवू नकोस. आणि दुसरं टोक घेऊन ती शेडच्या पार पलीकडे गेली.