आंटीजींचं ऊन

चूक माझीच होती. तिच्यावरच माझा सगळा व्यवसाय उभा राहिला, म्हणून ती दिसायला सहा वर्षं लागली.

जयपूरला आलो तेव्हा मी एका बिल्डरच्या ऑफिसात पार्किंगचे आणि बाथरूमचे नकाशे काढत होतो. तिलक नगरात वरच्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको, खाली घरमालकीण आंटीजी. मागचं फरशीचं अंगण मला मोकळंच वाटायचं. एका रविवारी धीर करून विचारलं, "इथे बाग करू का?"

आंटीजी हसल्या. "कर लो बेटा. नौकरी में तो तुम्हारा मन लगता नहीं."

मी फरशा काढल्या, हिरवळ लावली, लोखंडी मांडवावर मधुमालती चढवली. मांडव गुलाबी घोसांनी भरला, तशा शेजारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्हालाही असंच करून द्या. मग जवाहर नगरातली त्यांची नणंद. मी नोकरी सोडली आणि घरांच्या बागा आखायला लागलो. नवं गिऱ्हाईक आलं की आधी हे अंगण दाखवायचं. चहा आंटीजींचा.

गेल्या थंडीत बायकोनं मंगोडीची भाजी केली. मंगोडी म्हणजे मूगडाळीचे इथले सांडगे. मी म्हटलं, "आंटीजींच्या हातची चव नाही याला."

"कशी असेल? दुकानातल्या आहेत. त्यांनी घालणं कधीच सोडलं."

"का?"

"वाळवणार कुठे? गच्चीवर चढायला गुडघे साथ देत नाहीत, आणि अंगणातलं ऊन तुमच्या मांडवानं खाल्लं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"मला बोलल्या ना, पहिल्याच थंडीत. वर म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, नुकतीच नोकरी सोडलीय बिचाऱ्यानं."

कुठल्या रोपाला किती तास ऊन लागतं, हे मी शहरभर सांगत फिरतो.

तरी लगेच हललो नाही, हेही सांगायला हवं. रविवारी प्रताप नगरचं एक कुटुंब बाग बघायला येणार होतं. ते होऊन जाऊ दे, असं मनात आलं. शनिवारी सकाळी आंटीजी फाटकाशी, वीतभर उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची ओढून मटार सोलत बसलेल्या दिसल्या. मी माळ्याला फोन केला. संध्याकाळपर्यंत दक्षिणेकडचा अर्धा मांडव उतरवला, हिरवळ उचलली, जुन्या फरशा परत बसवल्या.

रविवारी पाहुणे आले, तेव्हा उन्हात खाट होती, खाटेवर पांढरं कापड, आणि आंटीजी चिमटीनं त्यावर मंगोड्या घालत होत्या. पाहुण्या बाईंनी चपला काढून शेजारी बसकण मारली आणि स्वतःही घालू लागल्या. बागेकडे कोणी पाहिलंच नाही.

"बाकी मंडप तो छोड़ दिया ना?" आंटीजींनी मला विचारलं. "गर्मी में तुम्हारे मेहमानों को चाय कहाँ पिलाऊँगी?"

सगळे हसले. मी खाटेजवळ उकिडवा बसलो.

"आंटीजी, माफ कर दीजिए," मी म्हटलं. "छह साल आपकी धूप दबाकर बैठा रहा. एक बार पूछा तक नहीं."