भाऊजींच्या दोन डिस्का

आमच्या भाऊजींचा एका वस्तूवर भरवसाच नव्हता. चष्मे दोन, छत्र्या दोन, न्हाणीत तांबे दोन. लग्न मात्र एकही केलं नाही. कुणी टोचलं की म्हणायचे, "बायको स्पेअर ठेवू देत न्हाईत ना, म्हणून राहिलं."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात गेली. तिथं एक पंप चालू असला की दुसरा शेजारी जोडून तयार ठेवायचा, ही शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली. रिटायर होऊन जिंतूरला आमच्याकडे आले, ते थेट माझ्या वधू-वर केंद्राच्या कंप्युटरपुढं बसले. आमच्या लिंगायत समाजातल्या पोरापोरींची स्थळं मी त्यात ठेवते. शिकलेय माझी मीच, चुकत-माकत. भाऊजींनी त्यात लिनक्स घातलं. का, तर फुकट! वर मला समजूत, "वहिनी, ह्याला व्हायरसचं पडसं होत न्हाई."

एका दुपारी त्यांनी, सगळी स्थळं जिच्यात साठतात त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली आणि ती दुसरी डिस्कही कंप्युटरच्या डब्यातच जोडून ठेवली. "एक मेली तर दुसरी हजर." मी म्हटलं, बरं बाबा.

तेवढ्यात वीरभद्रप्पांच्या शिवलीलाची सोयरीक पालमच्या एका मास्तराशी ठरली. मी मुलाच्या नावापुढं 'जमलं' लिहिलं. पुढं कधीतरी परभणीचे पाहुणे आले, तेव्हा भाऊजींनी त्यांना मोकळ्या स्थळांची छापील पानं दिली. त्यात तो मास्तर! पाहुणे लगेच पालमला मुलगा बघायला गेले. नेमके वीरभद्रप्पा तिथं साखरपुड्याचं बोलत बसलेले. ते तिथूनच उठले आणि एसटीनं आमच्या दारात.

"अक्का, माझ्या पोरीचं जमलेलं पोरगं तुमी बाजारात दाखवायलाव? मोडली समजा सोयरीक!"

ते गेले, आणि मी कंप्युटर लावला. 'जमलं' लिहिलेलं. बंद करून पुन्हा लावला. मास्तर मोकळा! मी भाऊजींना हाक मारली. भाऊजींनी आधी वायरमनला नावं ठेवली, मग माझ्या वयाला. मग डबा खोलला, काहीतरी आज्ञा टाइप केली आणि पडद्याकडं बघत तोंडावर हात ठेवला.

"वहिनी, दोघींचा नंबर एकच हाय."

झालं होतं असं की, प्रत्येक डिस्कला आतून एक लांबलचक ओळख नंबर असतो, आणि कंप्युटर त्यावरूनच डिस्क शोधतो. नक्कल जशीच्या तशी, म्हणून नंबरही तोच उतरलेला. त्यामुळं सुरू करताना जी आधी ओ देईल ती डिस्क उघडायची. एकीत मास्तर जमलेला, दुसरीत अजून बाशिंग शोधणारा.

"एक पुसून टाका," मी म्हटलं.

"पुसून? दोन्हींत तुमी नवी स्थळं लिहिलीत. कोणाची पोरगी पुसू?"

मग बसले. एका वेळी एकच डिस्क जोडायची, स्थळं ताडून बघायची, असं करत सगळं एकीत आणलं. दुसरीला नवा नंबर दिला आणि वायर काढून ती डिस्क माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवली. "वीजघराची अक्कल सगळीकडं चालत न्हाई," म्हणाले. एवढं कबूल करताना त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्का पिशवीत घालून आम्ही वीरभद्रप्पांच्या घरी. भाऊजींनी सतरंजीवर डिस्का मांडल्या आणि वाडीवस्तीवर सांगावं तसं सांगितलं, "दोन घरांवर एकच नंबर टाकला, तर पोस्टमन काय करील? कुठल्याही घरात शिरंल." आतून शिवलीला चहा घेऊन आली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"मग खरी कोणची, काका?"

"जिच्यात तुझं जमलंय, ती."

पोरगी फिसकन हसली. वीरभद्रप्पांनी मिशी दाबून बघितली, हसू काही दबेना. म्हणाले, "लय येडा माणूस हाय हा, अक्का," आणि पालमला फोन लावला.

लग्न थाटात झालं. भाऊजींनी डबल जेवण केलं.

मागच्या साली भाऊजी गेले. माती होऊन आम्ही घरी आलो, तसे वीरभद्रप्पा माझ्याजवळ येऊन बसले. खिशातून एक फोटो काढून हळूच माझ्या हातात दिला. त्यांची धाकटी पोरगी.

"आज बोलू नये, पण दुसऱ्या कोणाकडं द्यायला जीव व्हईना."

मी पदरानं डोळे पुसले, चष्मा लावला आणि विचारलं, "उंची किती हो हिची?"