वाइसाके नाइवालू आणि दोन कार्डे

वाइसाके तोमासी नाइवालू (१९५३–२०२२), राहणार लेवुका, ओवालाऊ बेट, फिजी. मासळीच्या कारखान्यात वीजतंत्री. निवृत्तीनंतर शेजाऱ्यांच्या बिघडलेल्या यंत्रांचे वाली. थडग्यावरच्या पाटीला इतका तपशील पुरला. अखेरची वर्षे ते संगणकावर मालमोटार चालवत असत, हे पाटीवर कसे घालावे ते कोणाला सुचले नाही.

कारखान्याच्या ओल्या फरशीने त्यांचे गुडघे खाल्ले होते. चर्चपर्यंत जाऊन परत येणे एवढाच प्रवास उरला होता. एकुलती मुलगी मेरेओनी ऑस्ट्रेलियात मिल्ड्युराच्या वृद्धाश्रमात कामाला. फोनवर बापलेकीला बोलणे सुचत नसे. "जेवलात?" "जेवलो." "पाऊस?" "आहे." पुढे नुसता श्वास. मग तिनेच सुट्टीत येऊन तो खेळ घालून दिला. शनिवारी दुपारी दोघे एकाच रस्त्यावर गाड्या काढत. बाप पुढे, लेक मागे. हात चाकावर गुंतले की जिभा सुटत. आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारी, मेरेओनीची आई उनाइसी हिचा रक्तदाब, कोणाचे लग्न मोडले, सारे त्या रस्त्यावरच निघे. आणि दर वळणानंतर ती विचारी, "बाबा, आरशात दिसते ना मी?"

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्या संगणकाचे, पडद्यावर चित्र रंगवणारे कार्ड गंजून गेले. मेरेओनीने घरी धाडायच्या पिंपात कपडे आणि साबण यांच्यामध्ये दोन जुनी कार्डे घालून पाठवली. "कोणतं चांगलं ते तुम्हीच ठरवा," एवढाच निरोप.

वाइसाकेंनी ते रीतसर ठरवले. दोन्ही कार्डे साधीच, गरिबाच्या खेळापुरती. एकाला बाजारात 'सातशे पन्नास' म्हणत: वयाने जुने, उंच, दोन पंख्यांचे, तापणारे. दुसरे 'दहा-तीस': वयाने नवे, बोटभर उंचीचे, शांत, वीज निम्मी खाणारे. नवे ते चांगले असे कोणीही म्हटले असते. परंतु दहा-तीस एकाच नावाखाली दोन जातींचे मिळते, आणि आलेला नग मंद स्मृतीच्या जातीचा होता. तोच रस्ता, तोच पाऊस, तीच गाडी ठेवून त्यांनी दोन्ही आलटून पालटून लावून पाहिली. सातशे पन्नासवर गाडी सुरळीत चाले, दोन्ही बाजूंचे आरसेही चालू राहत. दहा-तीसवर चित्र अडखळे; झाडे कमी केली, सावल्या काढल्या, तरी अडखळे. आरसे बंद केले तेव्हा कुठे ते वाहू लागले.

निकाल लागला त्याच संध्याकाळी मोतुरिकी बेटावरून सेरू आला. सेरू हा बहिणीचा मुलगा, गावच्या शाळेत मास्तर. तिकडे बहिणीच्या मुलाला 'वासू' म्हणतात; मामाच्या घरातली कोणतीही वस्तू त्याने मागावी आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत. तो पाहुण्याने आणायची यंगोनाची मुळे घेऊन आला, ती चटईवर ठेवली, त्यांच्या पेयाचा वाडगा फिरला, रीतीच्या टाळ्या झाल्या.

"मामा, दोन-दोन कार्डं! दुकान टाकलंत की काय?"

"तुझ्यासारखी गिऱ्हाईकं असल्यावर दुकान उद्याच बसेल," आतून उनाइसी म्हणाली. "गेल्या खेपेला करवत नेलीस. त्याआधी माझी मोठी कढई."

"कढई तुम्हाला जड होत होती, मामी. मी उपकारच केले." तो हसला, मग वाडगा खाली ठेवून म्हणाला, "मामा, खरंच सांगा, यातलं चांगलं कोणतं?"

वाइसाके थकलेले होते. खोटे बोलायलाही उभारी लागते. शिवाय आयुष्यभर त्यांनी मोजून काढलेला आकडा कधी बदलला नव्हता. "उंच ते," ते म्हणाले.

"मग ते मी नेतो."

वाइसाकेंनी कार्ड जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळले आणि दोन्ही हातांनी भाच्याला दिले.

सेरू गेल्यावर उनाइसी म्हणाली, "निदान त्याच्या संगणकाचा डबा केवढा आहे, ते तरी विचारायचं होतंत." सबंध तुलनेत तो एकच प्रश्न राहून गेला होता, हे वाइसाकेंच्याही ध्यानात आले होते. पण दिलेल्या वस्तूमागे प्रश्न धाडणे त्यांच्याने होईना.

पुढचा शनिवार आला. दहा-तीस बसवले होते. खिडकीबाहेरच्या दोन्ही आरशांच्या जागी काळे चौकोन.

"बाबा, आरशात दिसते ना मी?"

"दिसतेस की. दिवा लाव, अंधारून येतंय."

ती मागे आहे हे ते तिच्या आवाजावरून ताडत. आवाज थांबला की वेग कमी करत.

"किती हळू चालवता, बाबा! मागे मोठी रांग लागलीय."

"लागू दे. कोणाला कुठे जायचंय?"

असे पुष्कळ शनिवार गेले. मेरेओनीला त्यांनी खरे सांगितले नाही. तिने नवे कार्ड घेण्यासाठी जादा पाळ्या केल्या असत्या. सेरू येतजात राहिला. वाइसाके कार्डाविषयी विचारत नसत. सेरूही बोलत नसे. वासूकडून वस्तू मागे मागायची नसते. आणि वासूने ती परत केली तर मामाच्या देण्याला नावे ठेवल्यासारखे होते. दोघेही रीतीचे पक्के. मध्ये केवळ एका होडीचे अंतर होते.

खेळातल्या गाडीतला कांद्याचा माल अर्ध्या वाटेवर असताना एका बुधवारी वाइसाके झोपेतच गेले.

अंत्यविधीला येऊन गेलेली मेरेओनी मृत्यूनंतरच्या शंभराव्या रात्रीच्या विधीसाठी पुन्हा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांचा संगणक लावला. गाडी घाटात उभी होती. तिने आरशांकडे पाहिले, मग खेळाची मांडणी उघडून पाहिली: दोन्ही आरसे बंद केलेले.

"आई, हे केव्हापासून बंद आहेत?"

"आरसे? पिंप आलं तेव्हापासून," उनाइसी म्हणाली.

"मग 'दिसतेस' म्हणायचे ते?"

"म्हणायचे खरे."

सेरू दाराशी उभा होता. काखेत उशीचा अभ्रा. तो आत येऊन खाली बसला आणि अभ्रा मेरेओनीपुढे सरकवला.

"माझा डबा ऑफिसातला जुना, चपटा. हे त्यात मावतच नाही, ताई. पहिल्याच दिवशी कळलं. मामांनी हाताने दिलेलं परत कसं आणू? पेटीत ठेवलं, अभ्र्यासकट."

"आणि छोटं?"

"छोटं बसलं असतं."

"मूर्खा," मेरेओनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दोघेही मूर्ख."

"मास्तर आहे मी, ताई."

"म्हणूनच."

तिने स्वतः स्क्रू काढून कार्डे बदलली. दहा-तीस सेरूला मिळाले. करवत आणि कढई मात्र त्याच्याकडेच राहिली, त्यांचा विषय निघाला नाही. सातशे पन्नास लागले. आरशांत घाटाचा रस्ता उमटला, मागे लांबवर मोकळा. मेरेओनीने गाडी सुरू केली नाही. उनाइसीने संगणकावर कापड टाकले, खारा वारा लागू नये म्हणून.

कांद्याचा तो माल अजून पोहोचवायचा आहे.