एकच सोनेरी सीडी

मला थांबणं जमत नाही. दवाखान्यात नंबर लावून बसले तरी मी चार वेळा उठून दार बघून येते. माय म्हणते, हे वडिलांकडून आलंय. माझे वडील, म्हणजे नाना, पायाला भिंगरी लावलेला माणूस. त्यांना बसून पोटभर जेवताना मी बघितल्याचं आठवत नाही.

माझ्या लग्नात भडगावजवळच्या आमच्या गावात पहिल्यांदाच व्हिडिओ कॅमेरा आला. सगळं गाव त्याच्या झगझगीत दिव्यापुढे दात काढून उभं राहिलं, नाना तेवढे राहिले नाहीत. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ते गेले. चालतेबोलते नाना आता फक्त त्या कॅसेटमध्ये होते, आणि मायला ते बघायचे होते.

कॅसेट धुळ्याला, देवपुरात, माझ्या सासरच्या कपाटात होती. बऱ्याच वर्षांनी काढली तर फितीवर पांढरी बुरशी. कधी ऊन दाखवलं नाही म्हणून मायने मला फैलावर घेतलं. "बठ्ठं उनमा वाळस तव्हयच टिकस!" तोपर्यंत कॅसेटवरचं सीडीवर उतरवायची सोय निघाली होती. धुळ्यातला एकजण आज या, उद्या या करत राहिला. माझं डोकं फिरलं, मी एसटी पकडून थेट जळगाव गाठलं.

तिथल्या दुकानदाराने काउंटरवर कोऱ्या सीडी मांडल्या. काही पोटाकडून हिरवट, काही निळ्या, आणि एक सोनेरी.

"हिरवीचा भरवसा नाही ताई, कधी दगा देईल सांगता येत नाही," तो म्हणाला. "सोनेरी तुमची नातवंडं बघतील. पण एकच उरलीय."

तिच्या किमतीत दोन हिरव्या आल्या असत्या. निघताना नवऱ्याने बजावलं होतं, दोन कर, एक मायला, एक आपल्याला. सोनेरी आणि वर आणखी एक, एवढी ऐपत नव्हती. नाना कपाशीचं बियाणं घेताना दाणा तळहातावर घेऊन उजेडात फिरवत, तशी मी ती सीडी ट्यूबलाइटखाली फिरवत बसले. कळत काहीच नव्हतं. सोनेरीच घेतली.

सीडीवर तासाभराचंच मावणार होतं. मी म्हटलं, जिथे वडील आहेत तेवढंच घ्या. झालं! बुंदीची परात घेऊन नाना पडद्याच्या या टोकाकडून आले आणि त्या टोकाने गेले. मग नुसती पाठ. मग कोणावर तरी ओरडणारा हात. "अहो, गेले, गेले, मागे घ्या!" मी खुर्चीवरून उठउठून ओरडत होते. दुकानदार वैतागला. "ताई, यांना कुणी कधी उभं केलं नाही का?" काम संपता संपता फीत तुटली. आता जे काही होतं ते त्या सीडीवर.

सीडी मायकडे दिली. भावाने प्लेअर घेतला होता, ती रोज दुपारी बघायची. माझा जीव मात्र धुळ्यात टांगणीला. पोरांचे हात लागले तर, चरा पडला तर?

वैशाखात माहेरी गेले. घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, गहू, गोधड्या, कुरडया वाळत होत्या आणि कुरडयांच्या शेजारी, पोट वर करून, सीडी. चार दिवसांपासून!

"माय, हे काय केलंस!"

"कसाले चिडस? कॅसेटले ऊन लागनं नई म्हनीसन बुरशी लागनी ना?"

मी दडादडा जिना उतरले, सीडी पदराला पुसली आणि प्लेअरमध्ये घातली. चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटक यायला लागला. मांडव आला आणि गेला. मग नाना आले, परात खांद्यावर, आणि मधोमध अडकले. तोंड अर्धवट आमच्याकडे वळलेलं. मी रिमोटची बटणं दाबली, प्लेअरला थापट्या मारल्या. नाना हलेनात. मला रडूच फुटलं. सीडी काढायला मी हात पुढे केला, तर मायने तो धरला.

ती टीव्हीच्या अगदी जवळ सरकून बसली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "आमनं लगीन व्हयनं तव्हपासून पहिल्यांदाच एक जागावर थांबनात."

मग तिने मलाही हाताला धरून खाली बसवलं.