बाजूची बारीक अक्षरं

दहा महिन्यांनी दादाकडून घरी काही आलं, तर ते काय? गुंडाळलेला एक कागद. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्याच्या जहाजावरचा एक जण सुट्टीवर आला होता, तो कोपरखैरण्याला आमचं घर शोधत आला. दारातच उभ्या उभ्या त्याने ती गुंडाळी माझ्या हातात दिली, जहाज कंपनीच्या एजंटच्या ऑफिसचा पत्ता एका चिठोऱ्यावर लिहून दिला आणि म्हणाला, "तैवानला घेतलंय त्याने. तुमच्यासाठी." पाणीसुद्धा न पिता गेला. तुमच्यासाठी म्हणजे नक्की कोणासाठी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मग बसले स्वतःचंच डोकं खात.

कारण दादा गेला तो माझ्या जिभेपायी, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमचे आबा मार्केटात माथाडी. टोळीतली आपली जागा दादाने घ्यावी, हे त्यांनी कधीचं ठरवून टाकलेलं. दादाने मात्र गुपचूप जहाजावरच्या नोकरीची सगळी तयारी केली होती. ते कागद मला त्याच्या गादीखाली सापडले. त्या दिवशी तो मला सगळ्यांसमोर 'चिमणीच्या पायांची अक्षरं काढणारी' म्हणून हसला होता. माझं डोकं फिरलं आणि मी कागद नेऊन आबांच्या पुढ्यात टाकले. आबांनी जिन्यात, शेजाऱ्यांदेखत, चोवीस वर्षांच्या पोरावर हात उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बॅग घेऊन निघून गेला. आबा म्हणाले, "या घरातनं त्याला पत्र जायचं न्हाई." आई त्यानंतर भांडली नाही की रडली नाही. नुसती जेवायची कमी झाली.

गुंडाळी उलगडली तर वर-खाली लाकडी दांडे, मधे लांबलचक पांढरट कागद आणि त्यावर ताटाएवढं एकच काळंभोर अक्षर. डाव्या कडेला बारीक अक्षरांची उभी ओळ, खाली लाल शिक्का. आबांनी लांबूनच बघितलं आणि चप्पल घालून बाहेर गेले. आई म्हणाली, "काचेत घालून आण. पोराची वस्तू हाय, अशी लोळाय नको."

फ्रेमवाला म्हणाला, एवढ्या लांब मापाची फ्रेम बनवायला आठ दिवस लागतील. गणपतीच्या फोटोच्या मापाची तयार आहे, ती आत्ता मिळेल. आठ दिवस कोण थांबतंय! आमच्याकडे देवांचे निम्मे फोटो कॅलेंडरचेच. वर्ष संपलं की तारखा कापायच्या, खालचं दुकानाचं नाव कापायचं आणि लक्ष्मी तेवढी काचेत घालायची. मला वाटलं, बाजूचं ते बारीक म्हणजे दुकानाचं नाव आणि तो लाल शिक्का म्हणजे त्यांची जाहिरात. मी म्हटलं, "दांडे काढा, कडा कापा, अक्षर मधोमध आलं पाहिजे." त्याने पट्टी लावली आणि दोन मिनिटांत कापलं. मला बरंच वाटलं, काम झालं म्हणून.

आईने फ्रेम देव्हाऱ्याशेजारी लावली आणि काचेवर हळदीकुंकू वाहिलं. मग सोसायटीतल्या बायका एकेक करून बघून गेल्या. एक म्हणाली हा चिनी ओम असणार, दुसरी म्हणाली बाप्पाची सोंड दिसतेय बघा. मी वाशीच्या चायनीज हॉटेलात जाऊन थेट किचनच्या खिडकीत विचारलं. आचारी दार्जिलिंगचा. तो खो खो हसला आणि म्हणाला, "मॅडम, मला फक्त नूडल्स येतात." आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "कळलं का गं?" येतो म्हणतोय की येत नाही म्हणतोय, एवढंच तिला हवं होतं. मला हवं होतं ते वेगळंच. तो अजून माझ्यावर रागावलाय का? ते मी तोंडाने बोलू शकत नव्हते. ऑफिसात ड्रॉइंगच्या रेघा वाकड्या जायला लागल्या आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनियरच्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून शाईने रेघ न् रेघ उतरवायची, हेच काम. त्या महिन्यात आमच्याकडे नवीन मशीन बसवायला तैवानचा एक म्हातारा तंत्रज्ञ आला. तो आला त्याच आठवड्यातल्या रविवारी मी फ्रेमवर ट्रेसिंग पेपर लावला, अक्षराची बाहेरची रेघ काढली, आत शाई भरली आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने आधी मान हलवली. असं भरायचं नसतं, एकदा ब्रश टेकवला की थांबायचं नाही, परत गिरवायचं नाही, हे त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं. मग मोडक्या इंग्रजीत समजावलं. वरची ती सुरी. तिच्यावरचा छोटा फटकारा म्हणजे धार. आणि खाली, त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, खाली काळीज. काळजावर सुरीची धार आहे आणि माणूस गप्प राहिलाय. सोसणं. धीर धरणं.

मग तो कागदाची डावी कड चाचपत म्हणाला, "छोटी अक्षरं कुठायत? कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, ते बाजूला असतं. तेच तर महत्त्वाचं."

अर्धी रजा टाकली आणि तडक फ्रेमवाल्याकडे गेले. तो बिचारा गोंधळला. "ताई, ती कातरण तेव्हाच झाडून टाकली. तुमीच बोललात ना कापा." मीच बोलले होते. खाडीच्या बाजूने पायी घरी आले आणि सगळा रस्ता स्वतःला शिव्या घातल्या.

घरी आबा चहा पीत होते, आई भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सुरी, काळीज, सोसणं. आई भाजीवरचा हात थांबवून म्हणाली, "म्हंजे दुखतंय त्याला." मग बारीक अक्षरांचं सांगितलं आणि मला रडू फुटलं. "मी कापलं, आबा. त्याच्यात कोणाचं तरी नाव होतं. नोकरीचे ते कागद तुम्हाला मीच दाखवले, तो माझ्यामुळे गेला आणि आता त्याचं बोलणंही मीच कापून टाकलं."

आबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझ्यापायी न्हाई गेला तो. कागद काय, आज ना उद्या दिसलेच असते. मी हात उचलला, तेवढ्यापायी गेला."

आईने वर बघितलं. आबांनी नाही.

"एजंटचा पत्ता कुठं ठेवलायस?" त्यांनी विचारलं. "वही आण. लिही त्याला."

मी वही आणली. लिहिते म्हटलं, सांगा.

"लिही, कागद पोचला. बाजूचं बारीक लिहिलेलं आमच्या हातनं कापलं गेलं. त्यात काय होतं ते आमाला कळलं न्हाई." आई पदर तोंडाशी धरून बसली होती. "तर ते सांगायला ये, म्हणून लिही."

मी लिहिलं. खाली त्यांचं नाव घालणार, तोच त्यांनी पेन मागितलं. पगाराच्या सहीपलीकडे त्यांना लिहायची सवय नव्हती. गुडघ्यावर वही घेऊन त्यांनी नुसतं 'आबा' एवढंच लिहिलं, आणि ते नीट आलंय का म्हणून मला दाखवलं.