पोळ्यांपुढचं शून्य

आमच्या संस्थेची कोषाध्यक्ष मी हौसेनं झाले नाही. सभेत सगळ्यांनी माना खाली घातल्या, माझी तेवढी वर राहिली. लष्कर नावाच्या आमच्या शहरभागातल्या मराठी घरांची ही लहानशी संस्था, आणि तिचं काम एकच. इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात भिंड-मुरैनाकडून पेशंट येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं जिन्यात नाहीतर झाडाखाली दिवस काढतात. त्यांना दुपारची पोळी-भाजी द्यायची. ज्या घरी कुकर लागतो त्या घरी थोडी कणीक जास्त भिजते, आणि दुपारच्या आत डबा इस्पितळासमोरच्या खोलीत पोचतो. विकत काही आणायचं नाही, त्यामुळे पैसा मध्ये येतच नव्हता.

हे सुरू केलं माझ्या मोठ्या जाऊबाईंनी. त्यांचा कायदा असा की दिलेलं बोलायचं नाही, आणि लिहायचं तर मुळीच नाही. एकदा हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, "आम्ही तर रोज डबाभर पाठवतो." जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्या बाईंनी पुन्हा कधी पोळीचा विषय काढला नाही. मला हे जरा अतीच वाटायचं. पण मोठ्या जावेपुढे कोण बोलणार!

मग एक दिवस आमचा भाचा आला. तो सीए आहे, संस्थेचं ऑडिट तोच बघतो. "मामी, आजकल सब ऑनलाइन देखते हैं. देणगी देण्याआधी लोक मोबाईलवर हिशेब बघतात. आपले पण टाकून देऊ." टाकले. ऑडिट फी, बँकेचे चार्जेस, खोलीचं विजेचं बिल. 'उपक्रमांवरील खर्च' या रकान्यात शून्य. मी पुन्हा एकदा तपासलं. शून्य बरोबरच होतं, एक पैसा खर्च झालेला नव्हता. उलट मला बरं वाटलं. बघू दे म्हटलं जगाला, किती स्वच्छ कारभार आहे!

जगानं बघितलं. इस्पितळासमोरची ती खोली एका धर्मशाळेच्या ट्रस्टची, आम्हाला फुकट वापरायला दिलेली. त्यांचे जुने अध्यक्ष वारले आणि नवी मंडळी आली. करार पुन्हा करायचा म्हणून मी आणि जाऊबाई टोपी बाजारातल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. चहा झाला, चौकशा झाल्या. मग त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी मोबाईल जाऊबाईंपुढे धरला. "माताजी, हमने देखा. आपकी संस्था तो कुछ करती ही नहीं. ये देखिए, शून्य."

जाऊबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. मग चष्मा काढून डबीत ठेवला. मी मात्र भडकले. "कल दोपहर में आके अपनी आँखों से देख लो ना!" ते हात जोडून म्हणाले, "देखने से क्या होगा दीदी, फाइल में तो कागज़ लगेगा." त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. हिशेब आम्हीच उघड्यावर ठेवला होता आणि त्यांनी तो वाचला होता.

घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "खोली गेली तर त्या माणसांना कुठे वाढायचं गं? आणि हे माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं?" त्यांचा आवाज कापत होता. एरवी त्या घरात कुणाचाही आवाज कापायला लावतील.

भाच्यानं उपाय काढला. वस्तू दिल्या तरी त्या हिशेबात दाखवता येतात. प्रत्येक घराला किती पोळ्या देता ते विचारायचं, भाव लावायचा आणि हिशेबाला टीप जोडायची. ट्रस्टवाले तोवर थांबायला तयार झाले. जाऊबाई उसळल्या, "पोळीला भाव? मग पाण्यालाही लाव!" दोन दिवस त्या आम्हा दोघांशीही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कर फोन. पण मी इथे बसायची नाही." आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या, दार उघडं ठेवून.

मी फोन लावत सुटले. "अहो, असतील दोन-चार, त्या काय सांगायच्या!" पुढचं घर, "इश्श, आमचं आपलं नावाला." नया बाजारातल्या एक काकू आहेत, त्यांच्या डब्याचं झाकण कधी बसत नसे. त्या म्हणाल्या, "छे हो, कुठे एवढं." मी ओरडले, "काकू, खरं सांगा, खोली जातेय!" "बरं बाई, लिही पाच." लाजत लाजत. कुणी जास्त सांगेल तर शपथ! सगळ्या जणी जाऊबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या.

शेवटी आमचंच घर उरलं. आमच्याकडे रोज परात भरून कणीक मळली जायची, मळून माझे खांदे भरून यायचे. मी हाक मारली, "वहिनी, आपलं काय लिहू?"

आतून उत्तर आलं, "चार."

मी पेन खाली ठेवलं. असा संताप आला, आणि हसूही आलं. पण माझ्या मनानं आकडा वाढवणं मला जमण्यासारखं नव्हतं. लोकांनी सांगितलं तेच लिहिलं, भाच्यानं टीप जोडून ते वेबसाइटवर चढवलं. धर्मशाळेच्या मंडळींनी तेही वाचलं. "बस इतना? इतने के लिए पूरा कमरा?" त्यांनी खोली परत मागून घेतली. काही दिवस आम्ही इस्पितळाच्या फाटकाशी डबे घेऊन उभ्या राहिलो, तर गार्डनं गर्दी नको म्हणून हटवलं. एकेक घर मग आपोआप थांबलं.

यंदाचा हिशेब मी एकटीनंच भरला. जाऊबाई शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "पोळ्यांपुढे काय लिहिलंस?"

"शून्य," मी म्हटलं.

त्यांनी निवडलेली मेथी टोपलीत सारली. "हं," त्या म्हणाल्या, "आता खरं लिहिलंस."